रात्रभराची कणीक

टेम्पो देवळाच्या मागे लागतो तेव्हा साडेआठ होत आलेत. फाळका पडतो आणि आधी पेटारे उतरतात. पत्र्याचे, कोपरे ठोकरलेले. ज्याचा पेटारा त्यानेच उतरवायचा. पेटी मी आणि बुवा दोन बाजूंनी धरतो. मृदंगाला मात्र कुणी हात लावायचा नाही. तात्या तो गोधडीत गुंडाळलेलाच छातीशी धरून, बाजूच्या बाजूने पाय टेकत खाली येतात. माझी झांज शबनममध्ये आहे. तिची कुणालाच काळजी नसते.

काल आम्ही कुडाळकडे होतो. आज वेंगुर्ला तालुका. उद्या तेरेखोल ओलांडून पेडण्यात. त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास जत्रा सुरू झाल्या की वैशाखापर्यंत हेच. माझ्या डायरीत आजच्या रात्रीला २७ आकडा पडलाय.

देवळासमोर ओटीची रांग आहे. खण, नारळ, केळी. ती सभामंडपातून निघून पायऱ्या उतरते आणि पार वडापर्यंत जाते. मुंबईहून आलेले चाकरमानी पुढून मोबाइल उंच धरतात, त्यांच्या आया मागून त्यांना रांगेत ओढतात. उजव्या हाताला खाज्याची दुकानं. कढईत गूळ रटरटतोय, आल्याचा वास घशाला लागतो. पलीकडे फुगे, बांगड्या, प्लास्टिकची जेसीबी. जनरेटर असा घुमतोय की तात्या कपाळाला आठी घालतात. "हेचो सूर कोण जुळवतलो?" म्हणतात आणि चहाच्या टपरीकडे वळतात.

रंगायची जागा म्हणजे मागची पत्र्याची पडवी. आत पाऊल टाकलं की ऊब अंगावर येते. दोन दिवे, अकरा नट, अकरा आरसे. खोबरेल तेल, सफेदा, काजळ, कुंकू आणि घाम यांचा मिळून एक वास. प्रत्येक जण आपल्या पेटाऱ्यावरच बसून स्वतःचं तोंड रंगवतो. इथे रंगवायला दुसरा माणूस नसतो. एक जण साडी नेसतोय. निऱ्या तोंडात धरून तो मला विचारतो, "मुलाचो ताप उतरलो?" मी मान हलवतो. तो कमरेला निऱ्या खोचतो आणि चालायला लागतो तेव्हा राणी झालेला असतो.

मालक मधे उभे राहून आख्यान सांगताहेत. कागद नाही, वही नाही. देवस्थानच्या माणसाने यंदा युद्ध जास्त हवं म्हटलंय, म्हणून एक राक्षस वाढलाय. राजा कोण, शाप कुणाचा, देवी केव्हा येणार, एवढं पाच मिनिटांत सांगून होतं. संवाद ज्याचे त्याने जागेवर बोलायचे, पदं आपल्या साठ्यातली काढायची. वाजवणारे आम्ही तिघे. आम्हाला कुणी बोलावलेलं नाही.

"बुवा, आज खयचा आख्यान?"

"बसल्यार कळतला."

मग नुसतं थांबणं. पालखी निघाल्याशिवाय नाटक नाही. दहा वाजतात, अकरा वाजतात. गावजेवणाचा भात आणि वाटाण्याची उसळ पोटात जड होते. मी देवळाच्या भिंतीला टेकतो. जांभा अजून दुपारचा कोमट आहे. तात्या परातीत कणीक मळायला घेतात. हे काम ते मला देत नाहीत. सैल झाली तर मृदंगाच्या धुमाच्या अंगाने धपधप वाजतं, घट्ट झाली तर नाद कोंडतो. मळून झाल्यावर ती ओल्या फडक्यात गुंडाळून मांडीशी ठेवतात आणि बसल्या जागी डोळे मिटतात.

साडेबाराला ढोल वाजतात. पालखी प्रदक्षिणेला निघते, माणसं तिच्या मागे. गुलाल, अगरबत्त्यांचा धूर. शेवटचा फेरा होईतो आम्ही मांडामांड करून घेतो. मागे एक पडदा, मधे एक लाकडी बाकडं. रात्रभर तेच सिंहासन, तोच डोंगर, तोच पलंग. बाकड्याच्या बाजूला आमची सतरंजी. पेटी, मृदंग, झांज. तात्या कणकेचा गोळा धुमावर थापतात, अंगठ्याने कडा दाबतात, एकदा वाजवून बघतात. आवाज छातीत बसतो.

नमन होतं. गणपती येतो, दोन बाजूंना रिद्धी-सिद्धी. सरस्वती येते. मग काळा बुरखा घातलेला संकासुर वेद चोरून येतो आणि मालवणीत सगळ्या गावाची उणीदुणी काढतो. पुढे बसलेली पोरं आधी घाबरतात, मग लोळून हसतात. हा आख्यानाआधीचा आडदशावतार. गेल्या २६ रात्री तो असाच झाला, त्यामुळे हात आपसूक चालतात. आमच्या मागे खुर्ची टाकून बसलेले एक निवृत्त मास्तर नातवाला सांगताहेत की दासबोधातही दशावतारी खेळाचा उल्लेख आहे, आणि सांगलीला १८४३ मध्ये सीतास्वयंवर झालं त्याच्या कितीतरी आधीपासून हे चालत आलंय. नातू संकासुराकडे बघतोय.

दोनला आख्यान लागतं. आता खरं काम.

राजा येतो. बाकड्यावर पाय ठेवतो, बोलू लागतो. तो केव्हा गाणार, काय गाणार, आम्हाला ठाऊक नाही. कदाचित त्यालाही नाही. पहिल्या वर्षी मी त्याच्या हातांकडे बघायचो आणि दर वेळी फसायचो, कारण हात तो बोलतानाही फिरवतो. तेव्हा तात्यांनी कानात सांगितलेलं, "हाताकडे बगू नको. पायाकडे बग." आज तेच बघतोय. वाक्य संपत आलं की त्याचा मागचा पाय टाचेवर स्थिर होतो. बुवांचा भाता त्याआधीच हललेला असतो. काळी दोनचा सूर येतो, राजा तो उचलतो, पहिल्या समेला तात्या पडतात आणि त्यांच्या पाठीला मी.

राणी काळी चारला गाते. ऋषीचा आवाज आठवडाभर बसलाय. तो डोळ्यांनीच खाली बोट दाखवतो आणि बुवा न बघता दोन पट्ट्या उतरतात. मृदंग मात्र एकाच सुरात लावलेला. मग तात्या शाईकडचा हात आवरतात आणि कणकेच्या बाजूवर वेळ काढतात. ऐकणाऱ्याला वाटतं, करुण प्रसंग म्हणून वाजवणं हळवं केलं.

तीननंतर दव पडतं. मांडवाच्या कापडावरून थेंब ओघळतात. समोर बायका शालीत, पोरं मांड्यांवर आडवी, म्हातारे जागे. हॅलोजनकडच्या माझ्या गालाला भाजतंय, दुसरा गाल गार आहे. मृदंगाचं चामडं ओलसर हवेने सैल होतं, सूर उतरतो. चालू नाटकात हातोडी कशी घालणार? तात्या हशाची वाट बघतात. राक्षसाच्या चेल्याने कुठला विनोद सोडला की मांडव हसणार, हे त्यांना पाठ आहे. हशा फुटतो आणि त्याच्या आडून गठ्ठ्यांवर ठक, ठक, ठक. हसू विरायच्या आत हातोडी गोधडीखाली. तेवढ्यात तांब्यात बोटं बुडवून सुकायला लागलेली कणीकही ओली करून होते.

एकाने राजाला शंभराची नोट दिलीय, माईकवर पुकारा झालाय. राजा नमस्कार करून परतताना ती नोट पेटीवर ठेवतो. बुवा तिच्याकडे बघतही नाहीत. सगळेच नट असं करत नाहीत, हेही सांगायला हवं.

चारच्या पुढे देवी यायला हवी. राजाने धावा केलाय, पडदा हलत नाही. राजा पुन्हा धावा करतो. मी मान वाकवून पडदा आणि खांबामधल्या फटीतून बघतो. देवी पेटाऱ्यावर पाय पोटाशी घेऊन गाढ झोपलीय, किरीट शेजारी. तिची एन्ट्री पहाटेची, म्हणून ती दोनला आडवी झाली. यात चूक काही नाही, सगळेच झोपतात. ऋषी झोपून उठलाय, चेला आता जाऊन झोपेल. 'रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा' असं दशावताऱ्याबद्दल म्हणतात. राजाला निदान मधे टेकायला पेटारा तरी मिळतो. सतरंजीवरच्या तिघांना आत जायला वाटच नाही.

राजा आमच्याकडे बघतो. फक्त बघतो. बुवा भैरवीकडे सरकतात, तो ओळखतो आणि कधीच्या काळचं एक पद काढतो. दोन कडवी संपतात. तिसरं त्याला आठवत नाही. तात्या मान किंचित खाली घेतात, म्हणजे मी काय करायचं ते कळतं. मी झांज मोकळी सोडतो, तात्या धुमाळीची लय दुप्पट करतात आणि एकटे सुटतात. राजा डोळे मिटून हात जोडून उभा. बोल चढत जातात, मागचे म्हातारे सरसावून बसतात, झोपलेलं एक पोर उठून रडू लागतं. किती वेळ गेला ठाऊक नाही. पडद्यामागे पावलं धावतात. तिहाईच्या शेवटच्या घावाला देवी बाहेर पाऊल टाकते. किरीट डाव्या कानाकडे कललाय.

टाळ्या पडतात. मास्तर नातवाला म्हणतात, "बघितलंस, देवी कशी प्रसन्न झाली?"

युद्ध होतं, राक्षस पडतो. उजाडता उजाडता गौळण ताट घेऊन फिरते, त्यात नाणी पडतात, दहीहंडी फुटते. पोरं दह्याच्या हातांनी एकमेकांना माखतात. मांडव पाच मिनिटांत रिकामा. खाजेवाला राहिलेला माल पोत्यात भरतोय.

नट विहिरीवर तोंडं धुताहेत. पांढरं पाणी दगडावरून वाहतंय. देवी तोंड पुसत येते आणि तात्यांच्या पायाशी बसते. काही बोलत नाही. तात्या विडीचं बंडल तिच्यापुढे करतात.

"झोप लागली रे," ती म्हणते.

"माका दिसला," तात्या म्हणतात.

मग ते मृदंग मांडीवर घेतात आणि कणीक खरवडतात. वरून सुकून पापुद्रा धरलाय, आतून अजून मऊ आहे. बोटांच्या पेरांत अडकलेली काढून तीही गोळ्याला लावतात. गोळा माझ्या हातावर ठेवतात. मी देवळामागे जातो. गाय उभीच आहे.

टेम्पोचा हॉर्न वाजतो. पेडण्याला दुपारपर्यंत पोचायचंय.