गाव पायी बघताना

परगावी गेल्यावर गाईड करावा की नाही, यावर आमच्या घरात कधी एकमत झालं नाही. आमचे हे म्हणतात, पाटी वाचता येते ना आपल्याला, मग माणसाला पैसे कशाला द्यायचे? औसा, विजापूर, हंपी, सगळं आम्ही पाट्या वाचतच पाहिलं. माझंही मत फार वेगळं नव्हतं. एका ठिकाणच्या लेण्यांत भेटलेल्या गाईडनं आम्हाला पांडवांनी एका रात्रीत खोदलेल्या गुहेपासून थेट दिल्लीला निघणाऱ्या भुयारापर्यंत सगळं ऐकवलं होतं. तेव्हापासून मी गाईड दिसला की रस्ता बदलत असे.

२०२४ च्या ऑक्टोबरात आम्ही मुलाकडे जर्मनीला गेलो होतो. तिथून चार दिवसांसाठी इटलीतल्या फ्लॉरेन्सला. मुलाला सुट्टी नव्हती, म्हणून त्यानं परस्पर एका गाईडबाईंशी ठरवून टाकलं. तीन तास, पायी, फक्त आम्हा दोघांसाठी. युरोतला आकडा यांनी मनातल्या मनात रुपयांत गुणला आणि पुढचा अर्धा तास कोणाशी बोलले नाहीत.

इटलीत गाईड होणं सोपं नाही. त्याला सरकारी परवाना लागतो, आणि २०२३ च्या कायद्यानं त्यासाठी देशभर एकच परीक्षा ठरवली आहे. आमच्या बाई पन्नाशीच्या, गळ्यात ओळखपत्र, पायात साधे बूट. इंग्रजी सावकाश बोलत, त्यामुळे माझ्या बँकेतल्या इंग्रजीला ते झेपलं. त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘गुडघे कसे आहेत?’ आणि दुसरा, ‘काय बघितल्याशिवाय परत जायचं नाही?’

या दोन प्रश्नांतच खासगी गाईड आणि घोळक्याचा गाईड यांतला फरक आहे. आमच्या शेजारून चाळीस-चाळीस माणसांचे जथे जात होते. पुढे एकानं उंच धरलेली काठी, मागच्यांच्या कानांत यंत्रं. त्यांना थांबता येत नव्हतं आणि विचारताही येत नव्हतं. आम्हाला बाईंनी दर वीस मिनिटांनी कुठेतरी टेकवलं. कधी चर्चच्या पायरीवर, कधी एखाद्या वाड्याला बाहेरून असलेल्या दगडी ओट्यावर. हे ओटे तिथल्या जुन्या वाड्यांना असतात. आपल्याकडे वाड्यांना असत तसेच.

तिथल्या मोठ्या चर्चचा घुमट जगप्रसिद्ध आहे. फिलिप्पो ब्रुनेलेस्कीनं तो १४२० ते १४३६ या काळात बांधला, तोही जमिनीपासून लाकडी आधार न उभारता. पुस्तकात हे मी वाचलं होतं, पण डोक्यात शिरलं नव्हतं. बाईंनी वहीत चार रेघा ओढून दाखवल्या. आडव्या विटांच्या थरात मध्येमध्ये उभ्या विटा बसवायच्या, म्हणजे वरचा थर ओला असतानाही आत घसरत नाही, अडकून राहतो. दोन मिनिटांचं काम. घुमटावर चढायला ४६३ पायऱ्या आहेत, त्या आम्ही खालूनच मोजल्या.

चर्चपासून नगरपालिकेच्या चौकाकडे जाणाऱ्या रस्त्याचं नाव आहे मोजे शिवणाऱ्यांची गल्ली. जुन्या काळी प्रत्येक धंद्याची स्वतःची गल्ली आणि स्वतःचा संघ असे. तोवर गप्प असलेले आमचे हे एकदम म्हणाले, ‘म्हणजे आपली कापड लाईन!’ बाईंना ते समजावून सांगता सांगता यांचा सकाळचा राग गेला.

मग कवी दान्तेचं घर आलं. लोक दारापुढं फोटो काढत होते. बाई म्हणाल्या, ‘दान्ते याच मोहल्ल्यातला, हे खरं. पण ही इमारत विसाव्या शतकात उभी केलेली आहे.’ मला फार बरं वाटलं. माझा गाईडवरचा रुसवा तिथंच निम्मा उतरला. त्यानंतर मी प्रत्येक गोष्टीला ‘हे कशावरून?’ असं विचारू लागले आणि बाईंना त्याचा त्रास झाला नाही. उलट त्या खुलल्या. काहींना त्या म्हणत, कागद आहे. काहींना म्हणत, लोक असं सांगतात. वाड्यांच्या भिंतींत कमरेइतक्या उंचीवर हात जाईल एवढ्या कमानदार खिडक्या दिसल्या. मला त्या देवळ्या वाटल्या. बाईंनी सांगितलं, जमीनदार घराणी आपल्या मळ्यातली दारू यातून सुटी विकत. सतराव्या शतकातल्या प्लेगमध्ये गिऱ्हाईक आणि विकणारा यांच्यात भिंत राहायची, हा फायदाच झाला. २०२० च्या कोरोनात त्यांतल्या काही खिडक्या पुन्हा उघडल्या होत्या. पाटी वाचत फिरलो असतो तर त्या देवळ्याच राहिल्या असत्या.

एका भिंतीवर माझ्या डोक्याच्या बऱ्याच वर संगमरवराची लहान पाटी होती आणि तिच्यावर एक आडवी रेघ. ४ नोव्हेंबर १९६६ ला आर्नो नदीचं पाणी इथपर्यंत आलं होतं. बाईंचे वडील तेव्हा तरुण होते. चिखलातून पुस्तकं आणि चित्रं बाहेर काढायला जी पोरं धावली, त्यांत ते होते. त्या पोरांना आजही तिथं चिखलातले देवदूत म्हणतात. मी त्यांना म्हटलं, तुमच्याकडे पाणी डोक्यावरून गेलं, आमच्या लातूरला ते रेल्वेनं आणावं लागलं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली गाडी आली, तेव्हा ती बघायला माणसं जमली होती. बाई चालता चालता थांबल्या आणि म्हणाल्या, ‘त्याची खूण कुठं आहे तुमच्या गावात?’ मला उत्तर देता आलं नाही.

आता त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळते. ‘काय बघितल्याशिवाय जायचं नाही?’ याला मी सांगितलं होतं, राजाराम महाराजांची छत्री. हे कोल्हापूरचे दुसरे राजाराम महाराज. ज्या गादीवर पुढे १८८४ साली शाहू महाराज दत्तक आले, त्याच गादीवरचे. १८७० साली ते इंग्लंडला गेले, व्हिक्टोरिया राणीला भेटले, आणि परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्सला आजारी पडून ३० नोव्हेंबरला वारले. वय अवघं वीस. प्रवासात ते रोजनिशी लिहीत होते, ती पुढे छापली गेली. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. त्या ख्रिस्ती शहरात चिता पेटवायला खास परवानगी मिळवावी लागली. नदीसंगमावर अग्नी द्यायचा, हा आपला संकेतही पाळला गेला. आर्नोला मुन्योने नावाची छोटी नदी मिळते, त्या ठिकाणी अंत्यविधी झाला. १८७४ मध्ये तिथं छत्री उभी राहिली. कोल्हापूरचा नवा राजवाडा ज्यांनी आखला, त्या चार्ल्स मँट यांनीच तिचा आराखडा केला.

ही जागा शहराच्या पश्चिमेला एका लांबलचक बागेच्या पार टोकाला आहे. कुठलाही जथा तिकडे जात नाही. बागेच्या नावाचा उच्चार ऐकून मी चमकलेच, तिथले लोक तिला ‘काशीने’ म्हणतात. काशीशी त्याचा काही संबंध नाही, गाईगुरांच्या गोठ्यांवरून आलेलं नाव आहे, हे बाईंनी लगेच सांगितलं. तरी मनाला जे वाटायचं ते वाटलंच.

टॅक्सीनं जाऊन शेवटचा टप्पा चालत गेलो. झाडांच्या सावलीत चार खांबांवर घुमट, आणि खाली फेटा बांधलेल्या कोवळ्या पोराचा रंगवलेला अर्धपुतळा. जवळच नदीवर मोठा पूल आहे, त्याला ‘इंडियानोचा पूल’ म्हणतात, म्हणजे त्या हिंदी माणसाचा पूल. बाई म्हणाल्या, ‘लहानपणापासून हे नाव ऐकते. पण तो माणूस कोणत्या गावचा, त्याच्या मागं कोण होतं, हे मला कोणी सांगितलं नाही.’ मग पुढची वीस मिनिटं मीच गाईड झाले. कोल्हापूर, पंचगंगा, शाहू महाराज. बाई वहीत लिहून घेत होत्या आणि मधूनच विचारत होत्या, ‘हे कशावरून?’ दोनदा माझी दांडी उडाली. निरोप घेताना त्यांनी सहज विचारलं, ‘तुमच्या गावी आले तर तुम्ही मला काय दाखवाल?’

माझं माहेर नांदेड, सासर लातूर. दोन्हीकडे मिळून पासष्ट वर्षं काढली. मी म्हटलं, ‘गुरुद्वारा.’ आणि पुढं काही सुचेना.

परत आल्यावर पहिली परीक्षा लातूरची झाली. गंजगोलाईत मी शेकडो वेळा गेले आहे, पण पिशवी घेऊन. या वेळी यांना म्हटलं, मी पाहुणी आहे असं समजा आणि दाखवा. यांचे काका गोलाईतल्या एका पेढीवर मुनीम होते. शाळा सुटली की हे तिथं जाऊन बसत, त्यामुळे गुडघ्याची तक्रार न करता दोन तास फिरले. फय्याजुद्दीन नावाच्या नगररचनाकारानं आखलेली ही गोल दुमजली इमारत १९१७ सालची. मधोमध अंबाबाईचं देऊळ आणि भोवती सोळा रस्ते. का सोळा? यांनी सांगितलं ते पटण्यासारखं आहे. चारी दिशांनी माल घेऊन आलेल्या गाड्यांची एकाच तोंडाशी कोंडी होऊ नये, आणि दर रस्त्याला एकेक धंदा वेगळा बसावा. भुसार एकीकडे, कापड एकीकडे, सोनं-चांदी एकीकडे. ‘हे कशावरून?’ असं विचारल्यावर मात्र हे म्हणाले, ‘काका सांगायचे.’ वहीत मी तसंच लिहिलं.

नांदेडला दादानं त्याच्या वर्गमित्राला, एका निवृत्त शिक्षकांना, बोलावलं. सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणतं. सकाळी सात वाजता इतवाऱ्यातून निघालो. लहानपणी आम्हाला नंदगिरीचा किल्ला म्हणजे पाण्याची टाकी एवढंच माहीत होतं. गुरुजींनी गोदावरीच्या बाजूचा तट दाखवला आणि पाणी कुठून कुठं वळतं, त्यामुळे किल्ला नेमका इथंच का, ते समजावलं. घाटांवरून चालताना म्हणाले, १७०८ साली गुरू गोविंदसिंग इथं आले तेव्हा याच काठावर माधोदास नावाचा बैरागी मठ करून राहत होता. गुरूंनी त्याला पंजाबात पाठवलं आणि तो बंदा बहादूर झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात गुरूंचं इथंच निर्वाण झालं. आजचा सचखंड गुरुद्वारा महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधवला. एवढं मला तुटक तुटक ठाऊक होतं. जे अजिबात ठाऊक नव्हतं ते हे की, सोळाव्या शतकात काशीत व्याकरणाचे मोठे अधिकारी म्हणून गाजलेले शेष कृष्ण पंडित ज्या घराण्यातले, ते मूळचं नांदेडचं मानलं जातं. ‘सिद्धान्तकौमुदी’ लिहिणारे भट्टोजी दीक्षित त्यांचे शिष्य. काशीला विद्या शिकायला लोक जातात, आमच्या घाटावरून ती शिकवायला गेली! गुरुजींनी लगेच ‘मानलं जातं’ या शब्दांवर बोट ठेवून मला जमिनीवर आणलं.

कोणाला असं फिरायचं असेल तर अनुभवानं सांगते. तीन तासांच्या वर जाऊ नये, उन्हाआधी निघावं, त्याच दिवशी संग्रहालय ठेवू नये, आणि एक तरी आडवाटेची जागा स्वतःहून मागावी. पैशाचं आधी बोलावं. मी शेवटी पाकीट पुढं केलं तर गुरुजी रागावले. म्हणाले, माहेरवाशिणीकडून घेऊ का?

आमची आडवाटेची जागा फार आडवाटेला नव्हती. २००८ च्या गुरू-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीआधी गुरुद्वारा परिसरातले रस्ते रुंद झाले, त्यात आमचं घर गेलं. रस्ता हवाच होता, त्याबद्दल घरात कोणी वाद घातला नाही. पण त्यानंतर मी त्या बाजूला चालत कधी गेले नव्हते, ऑटोतूनच गेले. गुरुजींनी विचारलं, ‘तुमचं घर नेमकं कुठं होतं?’ मला सांगता येईना. दादा काही न बोलता जुन्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या मारुतीपाशी गेला. पायरीला पाठ लावली आणि पावलं टाकत निघाला. ऑटोवाले हॉर्न वाजवत होते. मधल्या दुभाजकावर तो थांबला आणि म्हणाला, ‘इथं देवघर. त्या फळगाड्यापाशी आड.’

गुरुजी सवयीनं बोलून गेले, ‘हे कशावरून?’

‘मारुतीपासून बत्तीस पावलं,’ दादा म्हणाला. ‘शनिवारी आई तेल वाहायला जायची. तिचं बोट धरून मी मोजायचो. तेव्हा पासष्ट भरायची.’