फवारणी नोझल

फवारणी नोझल : पंपातून दाबाखाली येणारा द्रव थेंबांच्या रूपाने बाहेर टाकणारे, फवारणी दांड्याच्या टोकास बसविलेले साधन. औषध कोणते वापरावे ह्याचा विचार पुष्कळ होतो; ते कोणत्या नोझलातून फवारावे ह्याचा क्वचितच होतो. वास्तविक औषध पानावर बसेल, जमिनीवर गळेल की फवारणाऱ्याच्या श्वासात जाईल, हे बऱ्याच अंशी नोझलावर अवलंबून असते.

थेंबाचा व्यास मायक्रॉनमध्ये (मिमी. च्या हजाराव्या भागात) मोजतात. व्यास निम्मा केल्यास तेवढ्याच द्रवाचे आठपट थेंब होतात व पान अधिक चांगले झाकले जाते. परंतु असे थेंब हवेत अधिक काळ तरंगतात. स्थिर हवेत ३ मी. उंचीवरून १०० मायक्रॉनचा थेंब सुमारे १० सेकंदांत खाली येतो, तर २० मायक्रॉनच्या थेंबास सुमारे ४ मिनिटे लागतात. उन्हात तो वाटेतच आटून आणखी लहान होतो.

पोकळ शंकूच्या आकाराचा फवारा देणाऱ्या नोझलातून बारीक थेंब निरनिराळ्या दिशांनी पडतात. कपाशीच्या पानांमागे राहणाऱ्या मावा, तुडतुडे, पांढरी माशी ह्या किडींसाठी ते योग्य ठरते. तणनाशकासाठी सपाट पंख्यासारखा फवारा व जाड थेंब देणारे नोझल वापरतात; कारण २, ४-डी सारख्या तणनाशकाचा वाऱ्याबरोबर आलेला अल्प अंशही शेजारच्या कपाशीची पाने विकृत करतो. गोल्फ मैदानाच्या हिरवळीवरही हाच भेद पाळतात : पानांवरील कवकरोगासाठी मध्यम थेंब, तर मातीतील हुमणीसाठी जाड थेंब व त्यानंतर पाणी.

नेर (जि. यवतमाळ) परिसरात कापूस, तूर व सोयाबीन ही मुख्य पिके असून पाठीवरचा एकच पंप सर्वांसाठी वापरला जाणे स्वाभाविक आहे. अशा वेळी पंप नव्हे, तरी नोझल बदलणे सहज शक्य असते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे २० शेतकरी व शेतमजूर मरण पावले आणि शेकडो रुग्णालयांत दाखल झाले. औषधांची मिश्रणे, संरक्षक साधनांचा अभाव, डोक्याइतकी वाढलेली कपाशी आणि अतिशय बारीक तुषार उडविणारे यांत्रिक पंप अशी अनेक कारणे त्या वेळी पुढे आली. दोष केवळ नोझलाचा नव्हता; मात्र उंच पिकात शिरून तोंडाच्या पातळीवर बारीक थेंब उडविणे कोणत्याही औषधाच्या बाबतीत धोक्याचेच असते.

दाब वाढवून काम लवकर उरकण्याचा प्रयत्न फसवा असतो. प्रवाह दुप्पट करण्यास दाब चौपट करावा लागतो आणि थेंब अधिक बारीक होतात. त्यापेक्षा मोठ्या छिद्राचे नोझल बसविणे श्रेयस्कर. आंतरराष्ट्रीय संकेतानुसार छिद्राची क्षमता रंगावरून ओळखता येते; उदा., ३ बार दाबास पिवळ्या नोझलातून मिनिटाला सु. ०·८ लि., तर निळ्यातून सु. १·२ लि. द्रव बाहेर पडतो. पितळी नोझल पोलादी वा चिनी मातीच्या नोझलापेक्षा लवकर झिजते. मापाच्या भांड्यात एक मिनिट द्रव धरून पाहावा; नव्या नोझलापेक्षा तो एकदशांशाहून अधिक भरल्यास नोझल बदलावे. तुंबलेले नोझल मऊ ब्रशाने साफ करतात. तारेने छिद्र बिघडते आणि तोंडाने फुंकल्यास विष पोटात जाते.