सुपर मार्केट

अन्नधान्य, किराणा, भाजीपाला, दुग्धपदार्थ व इतर नित्योपयोगी वस्तू विभागवार मांडून स्वयंसेवा पद्धतीने विकणारे मोठे किरकोळ विक्रीभांडार. ग्राहकाने मांडणीवरून वस्तू स्वतः निवडावयाच्या आणि बाहेर पडताना एकदाच पैसे चुकते करावयाचे, हे त्याचे मुख्य लक्षण होय.

पूर्वी दुकानदार गल्ल्यामागून प्रत्येक जिन्नस तोलून, पुड्या बांधून देत असे. अमेरिकेतील मेंफिस येथे क्लॅरेन्स साँडर्स याने १९१६ मध्ये ‘पिग्ली विग्ली’ हे स्वयंसेवा दुकान काढले. त्यामुळे नोकरांवरील खर्च घटला. मायकेल कलन याने १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात ‘किंग कलन’ भांडार उघडले. अल्प भाड्याची प्रशस्त जागा, थोडा नफा व मोठी उलाढाल ही त्याची सूत्रे मंदीच्या काळात यशस्वी ठरली. सिल्व्हन गोल्डमन याने १९३७ मध्ये प्रचारात आणलेल्या ढकलगाडीमुळे ग्राहकाची एका वेळची खरेदी वाढली. २६ जून १९७४ रोजी ओहायओ राज्यातील ट्रॉय येथे रेषासंकेत यंत्राने वाचून पहिली विक्री झाली. त्यातून हिशेब व साठानियंत्रण सुलभ झाले.

प्रकार : आकारमान व विक्रीधोरण यांनुसार किराणा दुकानांचे अनेक प्रकार पडतात. सोयीचे दुकान लहान असून दीर्घकाळ उघडे असते. तेथील किंमती सामान्यतः अधिक असतात. सवलत भांडारात निवडक माल साध्या मांडणीत, कमी किंमतीत मिळतो. महाभांडारात किराण्याबरोबर कापड, भांडी, विद्युत् उपकरणे इत्यादीही असतात. ‘कारफूर’ या फ्रेंच संस्थेने १९६३ मध्ये पॅरिसनजीक असे भांडार सुरू केले. सहकारी भांडाराची मालकी ग्राहक-सभासदांकडे असते.

भारत : दिल्लीत १९६६ मध्ये ‘सुपर बझार’ हे सहकारी भांडार निघाले. मुंबईतील ‘अपना बाजार’ची सुरुवात १९४८ मध्ये नायगाव येथील गिरणी कामगारांच्या सहकारी संस्थेतून झाली. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने दुकानाविनाच, सभासद कुटुंबांच्या संघांमार्फत सामूहिक खरेदी व वाटपाची पद्धत रूढ केली. शिधापत्रिकाधारकांना रास्त भाव दुकानांतून धान्य मिळते.

मोठ्या प्रमाणावरील खरेदीमुळे सुपर मार्केटला स्वस्त विक्री परवडते. परंतु महिन्याचा माल एकदम घेण्याइतकी रक्कम ज्याच्या हाती असते, त्यालाच या स्वस्ताईचा पुरता लाभ होतो. रोजंदारीवरील कुटुंबास सुटा माल, थोडे वजन व उधारी यांची गरज भासते आणि ती वाण्याचे दुकान भागविते. म्हणूनच किंमतीत मागे पडूनही ते टिकून आहे.