गाडीचा मुक्काम रानात

पुण्याचे मार्केट यार्ड तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. गुलटेकडीला हा मोठा बाजार आहे. आपल्या शेतातला कांदा, बटाटा, भाजीपाला, फुले तिथे जातात. रात्र झाली की गाव झोपते, पण यार्डाला तेव्हाच जाग येते. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर, पुरंदर अशा तालुक्यांतून टेंपो येतात. परप्रांतातून ट्रक येतात. हमाल पाठीवर पोती घेतात. हॉर्न वाजतात, हाका होतात. पहाटे सौदे सुरू होतात.

अशा गलक्यात ड्रायव्हर कुठे झोपतो? आपल्या गाडीतच. केबिनमध्ये फळी टाकतो, घोंगडी अंथरतो आणि अंग टेकतो. दोन घटका डोळा लागतो, तोच कोणी तरी हाक मारते, "ओ ड्रायव्हर, गाडी पुढं घ्या!" मग त्या बिचाऱ्याला वाटते, कुठे तरी शांत जागी जावे आणि रात्रभर सुखाने झोपावे.

गाडीतच राहायचे, गाडीतच झोपायचे, हे आता हौसेसाठीही होऊ लागले आहे. त्यासाठी खास गाड्या निघाल्या आहेत. आत बिछाना असतो, शेगडी असते, पाण्याची टाकी असते. काही गाड्यांत मोरी आणि संडासही असतो. कोणी तिला कॅराव्हॅन म्हणतात, कोणी मोटारहोम म्हणतात. आपण तिला घरगाडी म्हणू. महाराष्ट्र सरकारने 2021 साली अशा गाड्यांच्या सहलींसाठी धोरणही केले. पुण्यामुंबईची माणसे घरगाडी घेऊन डोंगरात येतात आणि शांत रान शोधतात.

गाडी घरगाडी असो, नाही तर आपला माल उतरवून परतणारा टेंपो असो, रात्रीचा मुक्काम रानात करायचा तर जागा पारखून घ्यावी लागते. जागा चांगली निघाली तर झोप गोड लागते. वाईट निघाली तर जिवावर बेतते. म्हणून जागा कशी पारखावी ते पाहू.

वाट आपल्या ओळखीचीच घेऊ. मार्केट यार्डातून निघायचे. राजगुरुनगर, मंचर, घोडेगाव, डिंभे करीत भीमाशंकरला जायचे. वाट शंभराच्या वर किलोमीटरची आहे. वाटेत ऊस आहे, नदी आहे, धरण आहे, डोंगर आहे आणि दाट जंगलही आहे. शिकायला एवढे पुरे.

जुनी माणसे काय करीत

मुक्कामाची जागा निवडणे ही काही नवी विद्या नाही. लमाण लोक बैलांचे तांडे घेऊन मीठ आणि धान्य वाहून नेत. दर रात्री नवा मुक्काम पडे. धनगर आजही मेंढरे घेऊन फिरतात. फलटणकडचे धनगर पावसाळा सरला की घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाच्या आधी परत येतात. ते दर मुक्कामाला तीन गोष्टी पाहतात. जमीन कोणाची? पाणी कुठे? वाघरापासून राखण कशी होईल? मालकाला विचारल्यावाचून त्यांचा वाडा बसत नाही. शेतकरीही त्यांना आनंदाने बोलावतो, कारण मेंढरांचे खत शेताला मिळते.

तेच आपणही करावे. आधी विचारावे, मग उतरावे.

जागा कोणाची?

रानाला कुंपण नाही, म्हणून ते बेवारशी नाही. प्रत्येक जागेला धनी असतो. शेत असेल तर शेतकऱ्याला विचारा. गायरान असेल तर ग्रामपंचायतीत विचारा. जंगल असेल तर वनखात्याच्या माणसाला विचारा.

राखीव जंगलात परवानगीवाचून शिरणे, विस्तव पेटवणे, लाकूड तोडणे हा 1927 च्या वन कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. अभयारण्याचा कायदा त्याहून कडक आहे. तो 1972 साली झाला. भीमाशंकरचे जंगल 1985 साली अभयारण्य झाले. तिथे शेकरू राहते. शेकरू म्हणजे तांबूस रंगाची मोठी खार. ती आपल्या राज्याचा प्राणी आहे. तिच्या घरात आपण पाहुणे. पाहुण्याने घरधन्याला विचारूनच पथारी टाकावी.

देवराईत गाडी घालू नये. देवाच्या नावाने राखलेले ते जुने रान असते. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ या शास्त्रज्ञांनी 1970 नंतरच्या वर्षांत अशा देवरायांचा अभ्यास केला. इतरत्र तुटून गेलेली झाडे देवरायांत टिकून आहेत, असे त्यांना दिसले. गावाने पिढ्यान्‌पिढ्या जे राखले, ते आपण एका रात्रीच्या मुक्कामासाठी तुडवू नये.

उजेडात पोचा

दिवस मावळायच्या दोन तास आधी जागेवर पोचावे. अंधारात सगळी जागा सारखीच दिसते. उजेडात पोचले की गाडीतून उतरा आणि चहूबाजूंनी शंभर पावले फिरा. खाली पाहा, वर पाहा, कान देऊन ऐका.

जमीन मुरमाची असावी. काळ्या मातीत थांबू नका. रात्री पावसाची एक सर आली तरी चाके रुततात आणि सकाळी गाडी काढायला बैल शोधावे लागतात. जागा सपाट असावी, पण खोलगट नसावी. सपाट आहे की नाही हे कसे कळेल? गाडीत ताटभर पाणी ठेवा. पाणी एका कडेला गेले तर गाडी कलती आहे. हँडब्रेक लावा आणि चाकांना दगडांची ओट द्या. गाडीचे तोंड रस्त्याकडे असू द्या. रात्री अडचण आली तर गाडी फिरवत बसावे लागणार नाही.

पाण्याच्या जवळ, पण पाण्यात नव्हे

ओढ्याकाठची वाळू मऊ असते. पाण्याचा खळखळाट गोड लागतो. तिथेच गाडी लावावी असे वाटते. पण ती जागा आपली नव्हे, ती ओढ्याची आहे. आज ओढा कोपऱ्यात निजला आहे, उद्या तो अंग पसरील.

पाऊस आपल्या डोक्यावर पडायलाच हवा असे नाही. तो वर डोंगरात पडतो आणि लोंढा खाली येतो. 30 जून 2024 रोजी लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागे असेच झाले. धबधब्यात उभे असलेले एकाच कुटुंबातले पाच जण पाहता पाहता वाहून गेले. धरणाच्या खालच्या नदीत तर पाऊस नसतानाही पाणी वाढू शकते, कारण धरणातून पाणी सोडतात.

पूर कुठवर येतो हे ओळखण्याची खूण आहे. काठच्या झुडपांकडे पाहा. फांद्यांत वाळले गवत, काटक्या, चिंध्या अडकलेल्या दिसतात. तिथवर मागे पाणी आले होते. त्या खुणेच्या वर आणि चांगले दूर गाडी लावा. गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारले तर आणखी बरे.

डोंगराच्या पायथ्याशी

डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला माळीण गाव आहे. 30 जुलै 2014 च्या सकाळी त्या गावावर डोंगराचा कडा खचून आला. पाऊस मुसळधार होता. चाळिसाच्या वर घरे चिखलाखाली गेली. दीडशेच्या वर माणसे मेली. पुढे 2021 च्या जुलैत रायगड जिल्ह्यात तळीये आणि 2023 च्या जुलैत त्याच जिल्ह्यात इर्शाळवाडी इथे असाच घात झाला.

असे का होते? डोंगराच्या अंगावर मातीचा थर असतो. खाली खडक असतो. पाऊस लागून राहिला की माती पाणी पिते, जड होते आणि खडकावरून घसरते. म्हणून पावसाळ्यात उभ्या उताराच्या खाली मुक्काम नको. उतारावर नव्या भेगा दिसल्या, झाडे कलंडलेली दिसली, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, तर तिथे घटकाभरही थांबू नका.

झाडाखाली थांबताना

सावली हवी, पण वर पाहून. वाळकी फांदी वाऱ्याने मोडते आणि टपावर पडते. आग्या मोहोळ असेल तर त्या झाडापासून दूर राहा. धुराने आणि उग्र अत्तराने त्या माश्या चवताळतात. एकट्या उंच झाडाखाली विजेचे भय असते. विजा चमकू लागल्या तर पत्र्याच्या बंद गाडीत बसावे, काचा लावाव्या, पत्र्याला हात लावू नये. वीज पत्र्यावरून जमिनीत जाते. आतला माणूस बहुधा वाचतो. विजेची सूचना देणारे दामिनी नावाचे ॲप पुण्यातल्या हवामानशास्त्राच्या संस्थेनेच तयार केले आहे. मोबाइल असेल तर ते घ्यावे.

रानातले शेजारी

मंचरच्या बाजूला ऊस फार. उसात पाणी, सावली आणि लपण असते. म्हणून बिबट्या तिथे राहू लागला. मादी उसातच पिले घालते. या भागात माणसे, लहान मुलेही बिबट्याच्या तावडीत सापडून दगावली आहेत. तेव्हा उसाच्या कडेला मुक्काम करू नका. दिवेलागणीला मुले गाडीत घ्या. उरलेले अन्न बाहेर टाकू नका. अन्नाला कुत्री येतात आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो. रात्री बाहेर जायचे तर बॅटरी घेऊन, दोघांनी, बोलत बोलत जा. बसलेला किंवा वाकलेला माणूस त्याला सावज वाटतो.

सापांत नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी फार आढळतात. मण्यार रात्री फिरते. जमिनीवर झोपलेल्याला ती चावते आणि पुष्कळदा ते कळतही नाही. म्हणून झोपायचे ते गाडीत, उंचावर. सकाळी जोडा झटकून पायात घाला. साप चावलाच तर मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. चावलेला हात किंवा पाय हलवू देऊ नका आणि सरळ सरकारी दवाखान्यात न्या. तिथे सापाच्या विषावरचे औषध असते. 108 या नंबरावर रुग्णवाहिका येते. पण त्यासाठी फोन लागला पाहिजे. म्हणून मुक्काम ठरवण्याआधी त्या जागी फोन लागतो का, ते पाहा. आपण कुठे आहो, हे घरी कळवून ठेवा.

विस्तव आणि हवा

थंडीच्या दिवसांत एक काका आणि त्यांचा पुतण्या टेंपोत मुक्कामाला होते. पुतण्याने कोळशाची शेगडी उचलली.

"काका, शेगडी आत घेतो. काचा लावू. रात्रभर ऊब राहील."

"आत आणू नकोस, बाळा. बाहेरच विझव."

"धूर तर मुळीच नाही, काका. निखारे लाल झालेत."

"धूर दिसतो, त्याचं भय नाही. धुरानं ठसका लागतो, माणूस जागा होतो. निखाऱ्यातून निघतो तो वायू दिसत नाही. त्याला वास नाही. माणूस झोपेतच राहतो. घोंगडी दुप्पट पांघर, पण ती शेगडी विझव."

काकांचे म्हणणे खरे आहे. त्या वायूला कार्बन मोनॉक्साइड म्हणतात. तो रक्तात शिरला की रक्त प्राणवायू वाहून नेत नाही. इंजिनाच्या धुरातही तोच वायू असतो. म्हणून शेगडी आत पेटती ठेवू नये. गाडी उभी करून, इंजिन चालू ठेवून झोपू नये. खिडकी चार बोटे उघडी असावी.

रानात आगटी पेटवू नका. माघापासून पाऊस येईपर्यंत गवत वाळलेले असते. एक ठिणगी उडते आणि वणवा पेटतो. पाखरांची घरटी जळतात, गावाचा चारा जळतो. विडीचे थोटूकदेखील पाण्यात विझवा. वणवा दिसला तर वनखात्याला 1926 या नंबरावर कळवा.

शांतता आपण आणायची असते

शांत जागा शोधत आलो आणि आपणच मोठ्याने गाणी लावली, तर शांतता राहील कुठे? रात्री 10 ते सकाळी 6 कर्णा वाजवायला तशीही कायद्याने बंदी आहे. दिवे मालवा. हळू बोला. थोड्या वेळाने रातकिडे ऐकू येतात, घुबड घुमते. यार्डातल्या हॉर्नने शिणलेला जीव निवतो.

आपली घाण ओढ्यात सोडू नका. गाडीच्या मोरीचे पाणी, साबण, विष्ठा पाण्यापासून दूर न्या. मातीत वीतभर खड्डा घेऊन बुजवा. आपण वर अंघोळ करतो आणि खाली कुणाची लेकरे तेच पाणी पितात. प्लॅस्टिक परत गावात आणा.

यात खेड्यातल्या माणसाचा लाभही आहे. शहराचा माणूस शांतता शोधतो आणि ती आपल्याजवळ आहे. शेताच्या कडेला मुरमाची सपाट जागा, प्यायचे पाणी, स्वच्छ संडास आणि एक दिवा, एवढे असले तरी घरगाडीला मुक्काम देता येईल. महाराष्ट्र सरकारचे 2020 सालचे कृषी पर्यटनाचे धोरणही आहे. त्याची माहिती पर्यटन खात्याच्या कार्यालयात विचारा. पाहुण्याला भाडे आधी सांगा. नियम पाटीवर लिहून लावा. लिहावाचायला शिकल्याचा हाही एक उपयोग.

ध्यानात ठेवा

जागेच्या धन्याला विचारा.
उजेडात पोचा.
पुराच्या खुणेच्या वर थांबा.
उभ्या उताराखाली थांबू नका.
उसाच्या कडेला थांबू नका.
पेटती शेगडी गाडीत घेऊ नका.
फोन लागतो का ते पाहा.
सकाळी निघताना मागे वळून पाहा. चाकांच्या खुणांवाचून मागे काही राहू नये.

सांगा पाहू

1. पूर कुठवर येतो हे कशावरून ओळखाल?
2. बंद गाडीत कोळशाची शेगडी का ठेवू नये?
3. तुमच्या गावात घरगाडी आली, तर तिला कोणती जागा दाखवाल? का?