पाते आखूड, मूठ लांब

बेंगळुरूत टिन फॅक्टरीकडून के. आर. पुरमच्या केबल पुलाकडे निघाले की दूरवाणीनगर लागते. टेलिफोनची यंत्रे बनवणारी ‘आयटीआय’ इथली, १९४८ सालची. पुढचा महादेवपुरा, व्हाइटफील्डचा पट्टा आज संगणकवाल्यांच्या काचेच्या इमारतींसाठी ओळखला जातो, पण त्यांच्या आडोशाला अजून शेड आहेत, लेथ आहेत. जिथे पत्र्याचे भाग ठोकले जातात तिथे पंच आणि डाय लागतात, आणि पंच-डाय म्हटले की डी-२ पोलाद आलेच. दीड टक्का कार्बन, १२ टक्के क्रोमियम, थोडे मॉलिब्डेनम आणि व्हॅनेडियम. सुरी बनवणाऱ्याला या पोलादाचा उरलेला तुकडाही सोन्यासारखा, कारण धार लवकर हटत नाही. अडचण लांबीची. तुकड्यातून पाते निघते, मुठीत शिरणारी शेपटी निघत नाही.

मग शेपटी जोडायची. आपल्याकडे कुऱ्हाड झिजली की गावचा लोहार तोंडाला पोलाद लावून ती शेवटून देत असे. तिथे मऊ अंगाला कडक तोंड मिळे. इथे काम उलटे, कडक पात्याला मऊ शेपटी. भट्टीत तापवून, घणाने ठोकून सांधण्याची लोहाराची रीत मात्र या पोलादाला सहजी लागू पडत नाही. क्रोमियमचा ऑक्साइड पृष्ठभागावर चिवटपणे बसतो आणि दोन तुकडे एकजीव होऊ देत नाही. म्हणून टिग वेल्डिंग.

वेल्डरला विचाराल तर तो म्हणेल, दोन मिनिटांचे काम. ते खरे आहे, आणि घात तिथेच होतो. डी-२ नुसत्या हवेत थंड झाले तरी कडक होते. त्याला पाणी पाजावे लागत नाही, तेलही लागत नाही. त्यामुळे वेल्डच्या टाक्याशेजारची पट्टी लाल होऊन पुरती निवेपर्यंत काचेइतकी ठिसूळ झालेली असते. कधी लगेच ‘टिक्’ असा आवाज येतो, कधी रात्रभराने चीर दिसते. यावर उपाय उष्णतेचाच. पाते कडक करण्याआधी, मऊ असतानाच जोडायचे. दोन्ही कडांना उतार देऊन खाच करायची, म्हणजे टाका आरपार बसतो. तुकडा २५० अंश सेल्सिअसच्या वर तापवून घ्यायचा, ३०९ एल जातीची स्टेनलेस तार वापरायची, आणि झाल्यावर राखेत किंवा चुन्यात पुरून सावकाश निववायचा. त्यानंतर ६५० अंशांवर दोनेक तास भट्टीत. मगच घासकाम, आणि शेवटी हजार अंशांच्या वर नेऊन पाते कडक करणे. एवढा धीर नसेल त्याने लांब तुकडा विकत घ्यावा. तोच स्वस्त पडेल.

शेपटीसाठी साधे लोखंड चालते, ३०४ स्टेनलेसही चालते. ते कडक होत नाही, म्हणून आडवा जोर आला तर वाकते, मोडत नाही. टाका मात्र पाते आणि मूठ यांच्या सीमेवर नको. सुरीवरचा सगळा ताण तिथेच एकवटतो. तो मुठीत थोडा आत गेलेला बरा.

जोडकाम म्हणजे फसवणूक, असे मानणारे शौकीन पुष्कळ आहेत. त्यांनी मराठ्यांची धोप तलवार आठवावी. पाते फिरंगी, युरोपातून आलेले. मूठ इथल्या कारागिराची. मुठीपासून पात्यावर उतरणाऱ्या पोलादी पट्ट्या रिव्हेटांनी ठोकून सांधा भक्कम केलेला. कोल्हापूरच्या छत्रपतींनी १८७५-७६च्या दौऱ्यात प्रिन्स ऑफ वेल्सला दिलेली ‘जगदंबा’ तलवारही फिरंगी पात्याचीच. फिरंगी पाती पाठवणाऱ्या गावांपैकी जर्मनीतले झोलिंगन एक. तिथल्याच त्स्विलिंग कंपनीने पुढे पाते, मधला जाड भाग आणि शेपटी वेगवेगळ्या पोलादांची करून सांधलेल्या सुऱ्या विकल्या.

फरक एकच आहे. धोपेचा सांधा उघड्यावर असतो, डोळ्यांनी तपासता येतो. सुरीचा टाका लाकडाखाली जातो. तेव्हा मूठ बसवण्याआधी शेपटी शिकंजात धरून पाते बाजूला दाबून पाहावे. त्याआधी त्याच तुकड्यांचा एक नमुना जोडून तो मुद्दाम मोडावा. मोड टाक्यालगत डी-२च्या बाजूला खडबडीत, चमकत्या कणांचा दिसला, तर तापवण्यात किंवा निववण्यात घाई झाली. लोखंडच वाकले आणि टाका तसाच राहिला, तर मूठ चढवायला हरकत नाही. विकताना मात्र गिऱ्हाइकाला सांगून टाकावे, आत जोड आहे.