बर्फावरची हॉकी आणि खालच्या पायरीवरचा गुरु

हॉकी हा शब्द कानांवर पडतांच आपल्याकडील श्रोत्यांच्या डोळ्यांपुढें हिरवें मैदान आणि पांढरा चेंडू उभा राहतो. कॅनडांतील मुलांना मात्र हॉकी म्हणजे बर्फावरची हॉकी, एवढेंच ठाऊक असतें. सुमारें २०० फूट लांब व ८५ फूट रुंद अशा गोठविलेल्या अंगणांत, पायांत पोलादी पात्यांचे बूट घालून, प्रत्येक बाजूचे सहा गडी उतरतात. चेंडूऐवजीं तीन इंच व्यासाची व एक इंच जाडीची रबरी चकती असते. तिला पक म्हणतात. खेळ वीस वीस मिनिटांच्या तीन भागांत चालतो. पण त्याचा वेग असा दमविणारा असतो कीं, गडी मिनिटभराच्या आंतच बाकावर परततो आणि खेळ न थांबतां दुसरा त्याची जागा घेतो. कोणी केव्हां उतरावें आणि कोणी विसावा घ्यावा, हें बाकामागें उभा असलेला प्रशिक्षक ठरवितो. म्हणूनच या खेळांत गड्यांच्या इतकेंच प्रशिक्षकाकडेही लक्ष असतें.

उत्तर अमेरिकेंतील धंदेवाईक हॉकीला जणू जिन्याच्या पायऱ्या आहेत. सर्वांत वर १९१७ सालीं स्थापन झालेली नॅशनल हॉकी लीग. कॅनडाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅन्ले यांनीं १८९२ मध्यें देऊं केलेला स्टॅन्ले कप हें तिचें मानचिन्ह. तिच्याखालीं अमेरिकन हॉकी लीग व तिचा काल्डर कप. आणि त्याच्याही खालीं १९८८ सालीं निघालेली ईस्ट कोस्ट हॉकी लीग व तिचा केली कप. या खालच्या पायरीवर वेतन थोडें, बसचा प्रवास लांबचा आणि कीर्ति गांवापुरती. तेथील बहुतेक गड्यांचें आयुष्य वरच्या पायरीकडे पाहण्यांतच सरतें.

जॅरेड बेडनार हे असेच एक गडी. कॅनडाच्या सॅस्कॅचेवान प्रांतांत यॉर्कटन येथें १९७२ सालीं त्यांचा जन्म झाला. ते बचावाच्या फळींत खेळत; अंग राखून खेळणें त्यांना माहीत नव्हतें, आणि त्यापायीं दंडाच्या बाकावर बसण्याचे प्रसंगही त्यांच्यावर पुष्कळ आले. त्यांचें नांव जोडलें गेलें तें साउथ कॅरोलायना स्टिंगरेज या संघाशीं. समुद्रकांठच्या ज्या उष्ण प्रदेशांत नैसर्गिक बर्फ क्वचितच दृष्टीस पडतें, तेथें यंत्रानें गोठविलेल्या बर्फावर हा संघ खेळे. १९९७ व २००१ या दोन्हीं वर्षीं त्यानें केली कप जिंकला, आणि दोन्हीं वेळां बेडनार त्या संघांत होते. मधल्या पायरीवरही ते अधूनमधून खेळून आले. नॅशनल हॉकी लीगचा मात्र एकही सामना त्यांच्या वांट्यास आला नाहीं.

२००२ मध्यें खेळ सोडल्यावर ते त्याच संघाचे साहाय्यक प्रशिक्षक झाले. २००७ मध्यें मुख्य प्रशिक्षकाचें पद मिळालें आणि दोनच वर्षांनीं, २००९ मध्यें, केली कप पुन्हां हातीं आला. खालच्या पायरीवरील प्रशिक्षकाचें काम सोपें नसतें. चांगला तयार झालेला गडी वरचा संघ केव्हां बोलावून घेईल याचा नेम नसतो. आज बसविलेली घडी उद्यां मोडते आणि ती हातच्या माणसांनिशीं पुन्हां बसवावी लागते. हें शिक्षण पदरीं घेऊन बेडनार मधल्या पायरीवर गेले. २०१६ मध्यें क्लीव्हलंडच्या लेक ईरी मॉन्स्टर्स या संघानें त्यांच्या हाताखालीं अंतिम फेरीचे चारही सामने ओळीनें जिंकून काल्डर कप मिळविला.

त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें डेन्व्हर येथील कोलोराडो ॲव्हलान्च संघाचे प्रशिक्षक पॅट्रिक रॉय यांनीं एकाएकीं राजीनामा दिला. रॉय हे विख्यात गोलरक्षक; खेळाडू म्हणून त्यांनीं चार वेळां स्टॅन्ले कप जिंकला होता. त्यांच्या जागीं दोन आठवड्यांनीं बेडनार आले. हंगाम तोंडावर आलेला, संघ दुसऱ्याच्या शिस्तींत वाढलेला. निकाल दारुण लागला. ८२ सामन्यांपैकीं अवघे २२ जिंकून, ४८ गुणांनिशीं, संघ तीस संघांत शेवटचा आला. जो स्वतः या पायरीवर कधीं खेळला नाहीं, त्यानें येथील खेळाडूंना काय शिकवावें, असा प्रश्न आतां कोणाच्याही मनांत यावा.

संघाचे व्यवस्थापक जो सॅकिक यांनीं मात्र त्यांना काढलें नाहीं. नव्या तरुण खेळाडूंच्या निवडींत शेवटच्या संघाला पहिला क्रमांक मिळण्याची शक्यता सर्वांत अधिक असते. परंतु सोडतींत नशिबानें तेथेंही दगा दिला आणि चौथा क्रमांक आला. त्या क्रमांकावर घेतलेला केल मकार हा तरुण बेडनार यांच्याप्रमाणेंच बचावाच्या फळींतला होता. पुढच्याच हंगामांत संघाचे गुण ४८ वरून ९५ वर गेले आणि अखेरच्या दिवशींचा सामना जिंकून त्यानें बाद फेरींत प्रवेश मिळविला. त्यानंतर २०१९, २०२० व २०२१ अशीं तीन वर्षें तो दुसऱ्याच फेरींत गारद झाला. शेवटीं २६ जून २०२२ रोजीं, मागील दोन्हीं वर्षांचा विजेता टँपा बे लायट्निंग याला सहाव्या सामन्यांत २–१ असें हरवून ॲव्हलान्चनें स्टॅन्ले कप जिंकला. बाद फेरींतील सर्वश्रेष्ठ खेळाडूचा मान मकारला मिळाला. तिन्हीं पायऱ्यांवरचे कप मुख्य प्रशिक्षक म्हणून जिंकणारे बेडनार हे पहिलेच.

याच संघानें २००१ सालीं स्टॅन्ले कप जिंकला, तेव्हां सॅकिक त्याचे कर्णधार होते आणि रॉय गोल राखीत होते. त्याच वर्षीं बेडनार दूर दक्षिणेंत केली कप उंचावीत होते, आणि थोड्यांनींच तिकडे पाहिलें असेल. वर चढण्याची वाट त्यांना खेळाडू म्हणून सांपडली नाहीं. पण एक एक पायरी चढून आलेल्या माणसाला पडत्या काळांत घडी पुन्हां कशी बसवावी हें ठाऊक असतें. आणि ४८ गुणांच्या त्या वर्षीं संघाला नेमकी त्याच विद्येची गरज होती.