कोंबडीचा पिंजरा आणि ग्राहकाचा कौल

अंडे फोडताना ते घालणारी कोंबडी कशी जगली असेल, असा प्रश्न सहसा आपल्या मनात येत नाही. युरोपात मात्र गेली साठ वर्षे हा प्रश्न संसदेपासून स्वयंपाकघरापर्यंत चर्चिला जात आहे. लोकमत काय घडवू शकते आणि ते कोठे अडखळते, हे या चर्चेवरून चांगले समजते.

दुसऱ्या महायुद्धात अन्नटंचाई सोसलेल्या युरोपला स्वस्त अंडी हवी होती. परसातील खुराड्याची जागा लांबलचक शेडने घेतली आणि शेडमध्ये तारेच्या पिंजऱ्यांच्या रांगा एकावर एक रचल्या गेल्या. जाळीचा तळ उतरता असल्यामुळे अंडे घरंगळत पुढे येते, विष्ठा खाली पडते. कोंबडीचा विष्ठेशी संपर्क तुटल्याने पोटातील जंत आणि काही रोग कमी झाले. एक माणूस हजारो पक्ष्यांची देखभाल करू लागला. ही पद्धत केवळ क्रौर्यातून जन्मास आली असे म्हणणे अन्यायाचे ठरेल.

परंतु या स्वस्ताईची किंमत कोंबडीने मोजली. तिच्या वाट्याला कार्यालयीन ए-४ कागदापेक्षाही कमी जागा आली. अंडे घालण्यापूर्वी आडोसा शोधणे, माती उकरणे, धुळीत लोळणे, रात्री उंच दांडीवर बसणे हा कोंबडीचा स्वभाव होय. पिंजऱ्यात यांपैकी काहीच शक्य नव्हते. पंख पूर्ण पसरणेही नव्हे! १९६४ साली रूथ हॅरिसन या इंग्रज लेखिकेचे 'ॲनिमल मशीन्स' हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि बंद शेडमधील हे जग सर्वसामान्यांपुढे आले. लोकक्षोभामुळे ब्रिटिश सरकारने ब्रॅम्बेल समिती नेमली. तिचा अहवाल १९६५ साली आला. स्वित्झर्लंडने १९९२ पासून असे पिंजरे हद्दपार केले. युरोपीय संघाने १९९९ साली निर्णय घेतला व १ जानेवारी २०१२ पासून साध्या पिंजऱ्यांवर बंदी आणली. अनेक सदस्यदेशांना ही मुदत पाळता आली नाही, हा भाग वेगळा.

ख्रिस्तसभेची भूमिका या विषयात पुष्कळांना वाटते त्याहून स्पष्ट आहे. मळणीच्या बैलाच्या तोंडाला मुसके बांधण्यास अनुवादाच्या पंचविसाव्या अध्यायात मनाई आहे. कॅथलिक ख्रिस्तसभेचा 'कॅटेकिझम' (१९९२) अन्नवस्त्रासाठी प्राण्यांचा उपयोग न्याय्य मानतो. मात्र त्यांना विनाकारण यातना देणे मानवी प्रतिष्ठेला साजेसे नाही, असेही बजावतो. पुढे पोप बेनेडिक्ट सोळावे झालेले कार्डिनल रात्झिंगर यांनी पत्रकार पेटर झेवाल्ड यांना दिलेल्या, २००० साली ग्रंथरूपाने आलेल्या मुलाखतीत दाटीवाटीने कोंडलेल्या कोंबड्यांचा नाव घेऊन उल्लेख केला होता. सजीवाला निव्वळ माल बनविणे हे बायबलमधील मानव-प्राणी नात्याशी विसंगत आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

आता लोकमताकडे वळू. २०१५ च्या अखेरीस युरोपीय संघाने घेतलेल्या जनमत पाहणीत ९४ टक्के नागरिकांनी पाळीव पशूंचे कल्याण महत्त्वाचे मानले. त्यासाठी जास्त पैसे मोजण्याची तयारी ५९ टक्क्यांनी दाखवली, आणि त्यांतही ३५ टक्के केवळ पाच टक्के वाढीपर्यंतच थांबले. २००४ पासून तेथील बाजारातील अंड्यांच्या कवचावर शून्य ते तीन असा अंक छापलेला असतो. शून्य म्हणजे सेंद्रिय, तीन म्हणजे पिंजऱ्यातील. गृहिणी तीन आकड्याचे अंडे बाजूला सारते. मात्र बिस्किटात, केकमध्ये मिसळलेल्या अंड्यावर अंक कोण पाहणार? तिथे चौकशीही थांबते आणि दयाही.

पिंजरा काढला की सारे प्रश्न मिटतात, असेही नाही. मोकळ्या शेडमध्ये कोंबड्या एकमेकींची पिसे उपटतात, कधी टोचून जीवही घेतात. योग्य जात आणि जाणता माणूस नसेल तर मृत्यू वाढतात. त्यामुळे खर्च वाढतो व तो कोणी सोसायचा हा वाद उरतो.

भारतातही व्यापारी अंडी बहुतांशी पिंजऱ्यांतूनच येतात. आपल्या विधी आयोगाने २०१७ साली २६९ व्या अहवालात हाच विषय हाताळला. आपण मात्र तपकिरी कवच पाहून 'गावठी' म्हणून जास्त दाम देतो. वस्तुतः कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर अवलंबून असतो, तिच्या मोकळेपणावर नव्हे. तपकिरी अंडे पिंजऱ्यातीलही असू शकते.

युरोपात पुढे सुमारे चौदा लाख नागरिकांनी सह्या करून सर्वच पिंजऱ्यांवर बंदीची मागणी केली. २०२१ साली युरोपीय आयोगाने २०२३ च्या अखेरीपर्यंत कायद्याचा प्रस्ताव मांडण्याचे वचन दिले. मुदत प्रस्तावाविना उलटली. दरम्यान, ज्या शेतकऱ्यांनी २०१२ च्या नियमाप्रमाणे घरटे व दांडी असलेले नवे मोठे पिंजरे विकत घेतले, त्यांच्यापुढे तेही मोडीत काढण्याचा प्रश्न उभा आहे.